बिंदू, रेषा, प्रतल: नवीन शिकवणी घेणाऱ्यांसाठी

सहावी आणि नववी, दोन्हीकडे भूमिती सुरू होते ती ‘भूमितीतील मूलभूत संबोध’ याच प्रकरणाने. नवीन शिकवणारे ते घाईत उरकतात, कारण त्यात शिकवण्यासारखं काय आहे असंच वाटतं. मग समांतर रेषांपाशी गाडी अडते आणि खापर पोरांवर फुटतं.

पहिल्याच तासाला कोणीतरी विचारणार, ‘सर, बिंदू म्हणजे नेमकं काय?’ तुम्ही ‘स्थान’ म्हणालात की पुढचा प्रश्न तयार: ‘स्थान म्हणजे?’ घाबरू नका, इथे भलेभले अडकलेत. ‘ज्याला भाग नाहीत तो बिंदू’ असं युक्लिड म्हणाला खरा, पण त्या वाक्याचा सिद्धतेत काही उपयोग होत नाही. 1899 मध्ये जर्मन गणिती हिल्बर्टने बिंदू, रेषा, प्रतल यांची व्याख्या करणंच सोडलं आणि फक्त नियम मांडले. दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जाते, एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, असे. तुम्हीही ‘व्याख्या नाही, नियम आहेत’ असं बिनधास्त सांगा.

प्रतलाचा नियम हातानेच करून दाखवावा. तीन मुलांना पेन्सिली उभ्या धरायला लावा. उंची कमीजास्त असली तरी चालेल. टोकांवर पुठ्ठा नीट बसतो. चौथी पेन्सिल आली की बहुधा डुगडुगतो. आता तिन्ही टोकं एका ओळीत आणा: पुठ्ठा त्या ओळीभोवती हवा तसा कलतो, कारण एका रेषेतून असंख्य प्रतलं जातात. ‘नैकरेषीय’ (एका रेषेत नसलेले) ही अट कशासाठी, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता खरा खड्डा. ‘ज्या रेषा छेदत नाहीत त्या समांतर’ हे वाक्य वर्गात एकदाही उच्चारू नका. ‘एकाच प्रतलातील’ हे दोन शब्द गळले की व्याख्या चुकलीच. पण फळा सपाट, वही सपाट. तिथे सगळ्या रेषा आपोआप एकाच प्रतलात असतात, त्यामुळे ही अट पोरांना शोभेची वाटते. नाशिकचा द्वारका चौक आठवा. वरून मुंबई–आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल जातो, खालून पुणे रस्ता सुटतो. तेवढे तुकडे सरळ धरले तर दोन्ही एकमेकांना भेटत नाहीत, पण त्यांना समांतर म्हणायला कोणी धजणार नाही.

मग खडूचा खोका हातात द्या. कडा 12. एका कडेवर स्केचपेनने खूण करा आणि उरलेल्या 11 कडांची वाटणी करायला सांगा. तिला समांतर 3, तिला छेदणाऱ्या 4, आणि ना समांतर ना छेदणाऱ्या 4. बरीच मुलं समांतर 7 सांगतात. त्यांना लगेच चूक म्हणू नका. खूण केलेली कड आणि त्यांनी सांगितलेली कड, दोन्हींवर एकच पुठ्ठा सपाट टेकवून दाखवायला लावा. समांतर जोडीवर तो बसतो. समोरासमोरच्या कडा असतील तर खोका तिरका कापावा लागेल, तरी बसतो. ना समांतर ना छेदणाऱ्या त्या चार कडांपैकी एकीवरही बसत नाही. पडद्यावर फिरणारी चित्रं मला यासाठी फारशी पटत नाहीत. पडदाही शेवटी सपाटच.

हाच गोंधळ उलट बाजूनेही होतो. वहीत दोन रेषा पानावर भेटल्या नाहीत की मुलं ‘समांतर’ लिहून मोकळी होतात. पण काढलेला असतो तो रेषेचा तुकडा. गुण्या लावून दोन ठिकाणी लंबांतर मोजू द्या. एकीकडे 2.8 सेमी आणि दुसरीकडे 2.4 सेमी आलं, तर त्या पुढे कुठेतरी छेदणारच.

‘चार बिंदूंतून किती रेषा?’ याला पाठ केलेलं 6 हे उत्तर कोणतेही तीन बिंदू एकरेषीय नसतील तेव्हाच बरोबर. नेमके तीन एका रेषेत असले तर 4, चारही असले तर 1. आधी आकृती, मग सूत्र. सूत्रांच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्यांपेक्षा एखाद्या जुन्या शिक्षकांच्या तासाला मागच्या बाकावर बसा आणि पोरं काय चुकीचं बोलतात ते टिपून घ्या.

किरणाच्या नावात आरंभबिंदू आधी येतो, एवढं सांगितलं की पुरे. निर्देशकांवरून, म्हणजे संख्यारेषेवर बिंदूपाशी असलेल्या संख्यांवरून, अंतर काढताना मात्र थांबा. −3 आणि 5 मधलं अंतर मुलं हमखास 2 लिहितात. मोठ्यातून लहान वजा, म्हणजे 5 − (−3), म्हणजे 8. तरीही पटलं नाही तर संख्यारेषेवर बोटाने घरं मोजू द्या: शून्यापर्यंत तीन, पुढे पाच.