"व्हेज आहे ना?" असं विचारलं की आधी किचनमध्ये जा: नाश्त्याच्या रेस्टॉरंटात नवीन लागणाऱ्यांसाठी

मी दोडामार्गची. गोव्यात नाश्त्याच्या एका चेनमध्ये स्टुअर्ड म्हणजे वेटर म्हणून लागले त्याला चार वर्षं झाली, आता कॅप्टन, म्हणजे वेटरांच्या वरची, आहे. पहाटेची गाडी धरून अस्नोड्यावरून म्हापशाला, तिथून दुसरी गाडी, आणि सातला युनिफॉर्म घालून ब्रीफिंगला उभं. आमच्याकडची, बांद्याची, पेडण्या-डिचोलीची खूप मुलं आता या लाइनला येतायत आणि मला विचारतात की ताई गिऱ्हाईक कसं सांभाळायचं, म्हणून एकदाच नीट लिहिते. ट्रे कसा धरायचा, केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, कशी पंच करायची, टेबल नंबर कसे पाठ करायचे हे आठवड्याभरात येतं, त्यावर वेळ घालवत नाही.

सकाळचं गिऱ्हाईक रात्रीच्या गिऱ्हाइकासारखं नसतं. रात्री माणूस हातात ग्लास घेऊन पाऊण तास आरामात बसतो, सकाळी त्याच्या पोटात चहासुद्धा गेलेला नसतो. त्यामुळे बसल्या बसल्या पाणी ठेवा आणि चहा-कॉफीची ऑर्डर घ्या, मेनू नंतर. कॉफी समोर आली की पुढची पंधरा मिनिटं तो शांत असतो, हे मी शेकडो टेबलांवर बघितलंय. उशीर होणार असेल तर त्याने विचारायच्या आत तुम्ही जाऊन सांगा. उशिराचा राग कमी असतो, आपल्याकडे कोणी बघत नाही याचा जास्त.

अंड्यांचे प्रकार पाठ करा, पण गिऱ्हाइकाला तुमची पाठ केलेली नावं ऐकवू नका. सनी साइड अप, ओव्हर ईझी हे सीझनमध्ये येणाऱ्या फॉरेनरला कळतं, मडगावहून आलेल्या काकांना सरळ विचारा, पिवळं पातळ हवं की घट्ट. आणि लोकल माणूस म्हणणारच की एवढ्या पैशात पणजीत कॅफे भोसले नाहीतर कॅफे टाटोमध्ये घरच्या सगळ्यांची भाजी-पाव झाली असती. त्याचं बरोबर आहे, वाद घालू नका. पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, आहे का विचारलं आणि नसेल तर नाही म्हणा, ब्राउन ब्रेड म्हणजे तेच हो असं सांगू नका, पोई खाऊन मोठा झालेला माणूस आहे तो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

मला लागून दोन महिने झाले होते. श्रावण, बाहेर धो धो पाऊस, ऑफ सीझन, त्यामुळे फ्लोअरवर मी आणि अजून एकच मुलगा. टेबल चारवर एक कुटुंब, मुलगा, सून, नातू आणि आजी. नातवाला पॅनकेक हवा होता आणि आजींना त्यातला थोडा चाखायचा होता. त्यांनी मला विचारलं, "शिवराक न्ही गो बाय?" शिवराक म्हणजे कोकणीत शाकाहारी. मी म्हटलं, हो आजी, शिवराकच. आणि मी हे उगाच म्हटलं नव्हतं, आदल्याच दिवशी स्टोअरमध्ये पॅनकेकच्या प्रीमिक्सची पिशवी मी स्वतः उचलून ठेवली होती आणि तिच्यावर हिरवा ठिपका होता. मला वाटलं, छापलेलंच आहे, अजून कोणाला काय विचारायचं.

तर हाच तो खड्डा. पिशवीवरचा हिरवा ठिपका पिशवीतल्या पिठासाठी असतो. बऱ्याच प्रीमिक्समध्ये अंडं नसतंच, ते किचनमध्ये बॅटर कालवताना घालतात, म्हणजे पीठ व्हेज पण पॅनकेक नॉनव्हेज. आमच्या मेनूवर त्या ओळीपुढे चौकोनातला तपकिरी त्रिकोण, म्हणजे नॉनव्हेजची खूण, बारीक छापलेला होता, तो मी कधी नीट बघितलाच नव्हता. आजींचे तीन-चार घास झाल्यावर मुलाला तो दिसला.

आजी ओरडल्या नाहीत. काटा खाली ठेवला, बेसिनवर जाऊन चूळ भरली, परत येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "पाणी दी गो." एवढंच. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला कमी लागलं असतं. तेव्हाच्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन सांगितलं की किचनची चूक झाली म्हणून सांग आणि डेझर्ट फ्री देऊन टाक. मी गेले आणि सांगितलं की चूक माझी आहे, मी किचनला न विचारता हो म्हटलं. मुलगा खूप बोलला, त्याचा हक्कच होता. मी घरी जाईपर्यंत बसमध्ये रडत होते.

म्हणून सांगते, "व्हेज" हा एक प्रश्न नाही, त्यात तीन-चार प्रश्न असतात आणि गिऱ्हाईक एकच विचारतं. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात अंडं नॉनव्हेजमध्ये येतं, दूध आणि मध येत नाही. पण बोलताना आपल्यातले कितीतरी जण मटण-मासळी नाही म्हणजे व्हेज असंच धरतात, आणि केक-पॅनकेक गोड असल्यामुळे तर अंड्याची आठवणच होत नाही. त्यामुळे कोणी व्हेज, शिवराक, सोवळं, श्रावण, जैन यातला कुठलाही शब्द काढला की तुम्ही उलट विचारा, अंडं चालतं का? एकाच तव्यावर केलेलं चालतं का? कांदा-लसूण? फ्रायर एकच असेल तर हॅश ब्राउन त्याच तेलात तळतात ज्यात चिकनचं काहीतरी तळलंय, ते सांगावं लागतं. वॅफलचं मशीन एकच असेल तर एगलेस वॅफलसुद्धा त्याच साच्यातून येतो, तेही सांगायचं. ऐकून ते उठून गेले तर जाऊ देत, टेबल गेलं तरी चालेल.

आणि माहीत नसेल तर "विचारून येते" म्हणा. नवीन मुलांना वाटतं की विचारायला गेलो तर कच्चे दिसू. दिसा कच्चे. अॅलर्जीवाल्याच्या बाबतीत तर अंदाजाने उत्तर देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे, शेंगदाणा, काजू, अंडं, दूध, कोळंबी, काहीही असू शकतं.

विचारलं तरी काम संपत नाही. एगलेस आणि साधा पॅनकेक पासवर, म्हणजे किचनमधून प्लेटा बाहेर येतात त्या काउंटरवर, शेजारी ठेवले तर मला आजही ओळखता येत नाहीत, आणि केओटीवर "नो एग" ही ओळ इतकी बारीक येते की रविवारच्या गर्दीत प्लेटा टेबलावर पोचवणारा रनर ती वाचत नाही. अमेरिकेत वॅफल हाउस म्हणून चेन आहे, १९५५ ला जॉर्जिया राज्यात सुरू झालेली, तिथे ऑर्डर तोंडी ओरडून सांगतात आणि कुक लक्षात राहावं म्हणून रिकाम्या प्लेटवर जॅम-केचपच्या पुड्या ठराविक जागी ठेवतो, पुडी कुठे आणि कशी ठेवलीय त्यावरून कुठली डिश ते कळतं. हे मी आमच्या शेफना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून एगलेस सगळं लांबट प्लेटमध्ये आणि बाकी गोल प्लेटमध्ये द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून आमच्याकडे अदलाबदल झालेली नाही. तुमच्याकडे असं काही नसेल तर शेफना सांगून बघा, चांगला शेफ ऐकतो.

बिलाचं थोडक्यात. सर्व्हिस चार्ज काढा म्हटलं तर काढायचा, तोंड वाकडं करायचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही.

शिकायचं कोणाकडून? माझं मत कोणाला पटो न पटो, जो सीनियर तुम्हाला पहिल्याच दिवशी अपसेलिंगची, म्हणजे गिऱ्हाइकाला जास्त महागाचं घ्यायला लावायची, वाक्यं पाठ करायला लावतो त्याच्यापासून लांब राहा. पासवर उभं राहून प्लेटा तपासणारा माणूस शोधा आणि ब्रेकमध्ये त्याच्याजवळ बसा. पर्वरीच्या आयएचएममधून, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजातून, आलेली मुलं हुशार असतात, त्यांच्यापुढे दबू नका, त्यांनाही विचारा, ती सांगतात. आणि सहा महिने इथे काढून शिपवर जायचं म्हणणाऱ्यांनो, जा, पण नोकरी लावायचे पैसे मागणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरायचं सरकारी लायसन्स, असलेल्या एजंटला खलाशाकडून असे पैसे घेताच येत नाहीत. आमच्या गावातल्या एका मुलाच्या आईचं मंगळसूत्र त्यात गेलंय.

पहिला महिना वाईट जाईल. पाय सुजतात, कोणीतरी सगळ्यांसमोर बोलतं, घरी येऊन जेवायचीही ताकद नसते. दुसऱ्या महिन्यात तेच पाय सवयीचे होतात, आणि कोणीतरी नेहमीचं गिऱ्हाईक येऊन तुमच्याच सेक्शनला बसायचं म्हणतं. मी सोडणार होते, घरच्यांनी एक आठवडा थांब म्हटलं म्हणून थांबले.

त्या आजी परत कधी आल्या नाहीत. श्रावण लागला की सकाळी आठ ते अकरा मी फ्लोअर दुसऱ्याला देते आणि स्वतः पासवर उभी राहते, लांबट प्लेट गेली की ती कुठल्या टेबलावर ठेवली जाते ते बघेपर्यंत.