दीर्घ रजेवर निघताना

तीन-चार महिन्यांची रजा काढून देश पाहण्याचा बेत असेल, तर कोल्हापूरकरांनी प्रस्थान दसऱ्यानंतर ठेवावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते, आणि नदीकाठचे घर पावसाळ्यात कुलूपबंद ठेवल्यास प्रवासभर जीव टांगणीला लागतो. रेल्वेचे आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी खुले होत असल्याने रजेची लेखी मंजुरी त्यापूर्वीच हाती असावी. (तोंडी होकारावर विसंबून मी काढलेली तिकिटे शेवटी रद्द करावी लागली.) याच मुदतीमुळे परतीचे तिकीट वाटेतूनच काढावे लागते, म्हणून त्याची तारीख निघण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावी आणि ती रक्कम प्रवासखर्चातून वेगळी काढावी.