अंगणातली बिनधुराची शेगडी

उघड्यावर हवा तापवून उपयोग नाही, अंग तापलं पाहिजे. म्हणून आधी वाऱ्याच्या बाजूला शेडनेट लावली. कोल्हापूरच्या थंडीत निम्मं काम तेवढ्यानंच होतं.

मग पत्र्याचे दोन डबे एकात एक, मध्ये दोन बोटं फट. वरून फट बंद. आतल्या डब्याच्या तळाला १० मिमीची, काठाखाली ६ मिमीची वीसेक भोकं. बाहेरच्याला फक्त खाली. जस्ताचा पत्रा नको, तापला की विषारी वाफ सुटते.

चिपाडाच्या सुक्या कांड्या वरच्या भोकांच्या खालपर्यंतच भरायच्या आणि पेटवायचं वरून! खालून पेटवलं की धूर न जळताच निसटतो. वरून पेटवलं तर तो वरच्या भोकांतल्या गरम हवेत जळून जातो. कांडी दमट असेल तर मात्र काही खरं नाही. निखारे असताना शेगडी घरात नेऊ नका.