‘काम भारी केलंय’ म्हणण्याआधी: सिनेमा आणि मालिका पारखून कशा बघायच्या

सिनेमा सुटला की थिएटरच्या जिन्यातच निकाल लागतो. ‘काम भारी केलंय त्याने’, ‘स्टोरीत दम नाही’. दोन्ही मतं बरोबर असतील, पण ती कशाच्या जोरावर दिली हे विचारलं की बहुतेकांची गाडी अडते. कारण पडद्यावर दिसतं ते एकट्या नटाचं नसतं आणि कथाही एकट्या लेखकाची नसते. संकलन, कॅमेरा, डबिंग, पार्श्वसंगीत या सगळ्यांची कमाई आणि सगळ्यांच्या चुका शेवटी नटाच्या नावावर जमा होतात. म्हणून बघताना एकच प्रश्न सतत हाताशी ठेवायचा: हे काम नेमकं कुणाचं?

प्रसंग निवडा

सुरुवातीलाच अख्ख्या सिनेमावर मत बनवायला बसू नका. दोन ते चार मिनिटांचा एक प्रसंग घ्या. दोनच माणसं, घरातली किंवा ऑफिसातली जागा, गाणं नाही, मारामारी नाही. मागे-पुढे करता यावं म्हणून ओटीटीवरचा घ्या. मोबाइलवर डोळे नीट दिसत नाहीत, तेव्हा लॅपटॉप किंवा टीव्ही बरा, आणि कानाला हेडफोन हवाच. गाजलेला प्रसंग मुद्दाम टाळा. तिथे सगळ्या युनिटने जीव ओतलेला असतो आणि रील्समधून तो आपल्याला पाठ झालेला असतो. मध्यंतराआधीचा, कुणाच्या फारसा लक्षात न राहिलेला प्रसंग निवडलात तर नट रोजचं काम किती मन लावून करतो ते कळतं.

हा प्रसंग चार वेळा बघायचा. पहिल्यांदा सरळ, काहीही न टिपता. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त ऐकत. चौथ्यांदा फक्त गप्प बसलेल्या माणसाकडे बघत.

आवाज बंद केला की पार्श्वसंगीत गळून पडतं आणि खरी परीक्षा सुरू होते. कोण काय मिळवायला आलाय आणि कोण ते देत नाहीये, एवढं तरी शब्दांवाचून दिसायला हवं. पहिल्यांदा गळा दाटून आला आणि आता तोच चेहरा कोरा वाटतोय, तर रडवलं ते व्हायोलिनने. याचा सराव करायला ‘कुंकू’ बघा. 1937 चा हा सिनेमा पुण्यातल्याच प्रभात स्टुडिओतला, म्हणजे लॉ कॉलेज रस्त्यावर आज जिथे एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे त्या आवारातला. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ वापरलेलंच नाही, आवाज सगळे प्रसंगातले. भावना कुठली समजायची हे सांगायला संगीत नाही, त्यामुळे नटाचं काम उघडं पडतं. असा एक सिनेमा लक्ष देऊन बघितला की नंतर कुठल्याही मालिकेतलं संगीत कुठे टेकू देतंय ते लगेच ऐकू येतं.

डोळे मिटून ऐकताना दोन गोष्टी धरायच्या. पहिली, ओळ आठवून म्हटली जातेय की त्या क्षणी सुचतेय. बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो, आणि काय बोलायचंय त्यावर तो श्वास ठरतो. पाठ केलेली ओळ बरेचदा श्वास न बदलता, एका सुरात सुरू होते आणि शेवटचा शब्द दरवेळी त्याच पट्टीत पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज सेटवरचा आहे की डबिंगचा. पात्र सिंहगडावर भर वाऱ्यात उभं आहे आणि आवाज बंद खोलीतून, माइकला चिकटून आल्यासारखा येतोय, तर ते डबिंग. चित्रीकरण संपल्यावर कितीतरी दिवसांनी, समोर सहकलाकार नसताना, ओठांना ओठ जुळवत बोलताना भल्या नटाचाही आवाज सपाट होतो. तेव्हा शारीरिक काम आणि आवाजाचं काम वेगवेगळं तोला. दक्षिणेतला सिनेमा हिंदीत डब झालेला बघत असाल तर बहुधा तो आवाज त्या नटाचा नसतोच. आवाजावरून त्याची तारीफ किंवा निंदा करू नका. सबटायटल लावून मूळ भाषेत बघा.

ऐकणाऱ्याकडे बघा

चौथी फेरी सगळ्यात मोलाची. संवाद म्हणायला बऱ्यापैकी नटांना जमतं. समोरचा बोलत असताना जिवंत राहणं फार थोड्यांना जमतं. कच्चा नट आपली ओळ कधी येते याची वाट बघतो. त्याची नजर समोरच्याच्या तोंडावर खिळलेली असते, मान ठरावीक अंतराने हलते, आणि समोरच्याचं वाक्य संपता संपता तो तोंड उघडायच्या तयारीत येतो. मुरलेल्या नटाच्या चेहऱ्यावर वाक्याच्या अधेमध्येच, एखाद्या विशिष्ट शब्दावर काहीतरी बदलतं. तो शब्द कोणता हे तुम्हाला बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

एक प्रसंग जवळून घेऊ. कोथरूडमधला फ्लॅट. आई ओट्याशी मेथी निवडतेय. मुलगा पाणी प्यायला आत येतो आणि सांगतो, ‘आई, मी नोकरी सोडली.’ सरधोपट अभिनयात आईचे हात थांबतात, ती वर बघते, डोळे मोठे करते. यात चूक काही नाही, पण हे कुणालाही आधीच सुचलं असतं. दुसरी अभिनेत्री हात थांबवणार नाही, उलट वेग वाढवेल. थोड्या वेळाने आपल्याला दिसतं की ती आता पानं न खुडता अख्ख्या काड्याच भांड्यात टाकतेय. मग ती म्हणते, ‘जेवून घे आधी.’ संवादात राग नाही, काळजी नाही, पण राग आणि काळजी दोन्ही तिच्या हातांत दिसतात. तिसरी अभिनेत्री ‘सोडली’ हा शब्द ऐकून न ऐकल्यासारखं करेल, निवडलेली मेथी धुवायला घेईल आणि नळ जरा जास्तच जोरात सोडेल, म्हणजे पुढचं ऐकायला यायला नको.

आता ‘हे काम कुणाचं’ हा प्रश्न इथे लावा. काड्या भांड्यात पडताना कॅमेरा मुद्दाम हातांच्या क्लोजअपवर गेला असेल, तर तो विचार दिग्दर्शकाचा किंवा पटकथेत लिहिलेला असण्याची शक्यता जास्त. सगळं एकाच लांब शॉटमध्ये, फ्रेमच्या कोपऱ्यात घडत असेल, तर श्रेयाचा मोठा वाटा अभिनेत्रीचा. अशी कामं हातांत कितपत मुरलीत तेही बघा. पोळी लाटणारा हात, स्कूटर स्टँडवर चढवणारी टाच, नऊवारीतलं चालणं. बोलण्याकडे लक्ष गेलं की हातातलं काम थांबतं, तिथे तयारी कमी पडली.

कट जितके जास्त तितका नटाला पाठिंबा जास्त. रशियातले दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी 1920 च्या सुमारास नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाडग्याशी, एकदा शवपेटीशी जोडला, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात भूक आणि दुःख दिसलं. दर दोन-तीन सेकंदांनी कट होणाऱ्या प्रसंगात तुम्हाला दिसणारी भावना संकलकाने बसवलेली असू शकते. म्हणून मत देण्याआधी त्या नटाचा निदान वीस-तीस सेकंदांचा, मध्ये कट नसलेला एक शॉट शोधा. ‘कोर्ट’सारख्या सिनेमात कॅमेरा स्थिर असतो आणि शॉट लांब चालतात, नटाला आडोसा मिळत नाही.

बोलीचा कान

पुण्याच्या प्रेक्षकाने इथे जरा सावध राहावं. आपल्या कानाला पेठेतली मराठी ‘नॉर्मल’ वाटते आणि बाकी सगळी ‘गावठी’, आणि त्या भरात बरोबर अभिनयाला आपण चूक ठरवतो. कोल्हापूरकडची बाई ‘मी आलो, मी गेलो’ म्हणते. ते तिकडचं रोजचं बोलणं आहे, संवादलेखकाची चूक नव्हे. वऱ्हाडातलं पात्र ‘करून राहिलो’ म्हणेल, मालवणातलं ‘माका’ आणि ‘खंय’. दोन-चार ठळक शब्द पेरले की बोली झाली, असं मात्र समजू नका. हेल, वाक्याचा शेवट आणि न-ण यांत सातत्य आहे का ते ऐका. सोपी चाचणी म्हणजे शांत प्रसंगात ‘पानी’ म्हणणारं पात्र चिडल्यावर, रडताना ‘पाणी’ म्हणतं का? म्हणत असेल तर नटाने बोली वरून चढवली आहे, भावना वाढली की ती निसटते. आणि उलटही बघा: पूर्ण सिनेमा सातारी बोलणारा माणूस पुण्याच्या साहेबासमोर थोडा प्रमाण बोलायला लागला, तर ती चूक नसून बारकाईने केलेलं काम असतं.

‘नाटकी’ हा शेराही जपून वापरा. नाट्यगृहात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो, क्लोजअपमध्ये पापणी हलली तरी पुरते. हा फरक शब्दांनी समजत नाही. पावसाळ्यात पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेतल्या एकांकिका बघा आणि त्याच आठवड्यात एखादी वेबसिरीज. रंगमंचावरची जी हालचाल शोभून दिसते तीच कॅमेऱ्यासमोर का खटकते, ते आपोआप उमजेल.

रडणं, ओरडणं, वीस किलो वजन घटवणं, वेडसर किंवा दारुड्या पात्राचे झटके, यांना वेगळे गुण देऊ नका. रडणं ग्लिसरीननेही होतं. रडू येऊ नये म्हणून पात्र काय करतंय, हे बघण्यासारखं असतं.

कथा: कुणाला काय माहीत आहे?

कथा पारखायला एक कागद पुरतो. डावीकडे मुख्य चार-पाच पात्रांची नावं, वर एपिसोडचे किंवा अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. प्रत्येक चौकटीत दोनच गोष्टी लिहायच्या: या पात्राला आता काय माहीत आहे आणि त्याने काय ठरवलं. पक्क्या बांधणीच्या कथेत ठरवण्याच्या नोंदी भरत जातात. ढिल्या कथेत माहितीच्या नोंदी भरतात आणि ठरवण्याच्या रिकाम्या राहतात. म्हणजे पात्रांच्या बाबतीत गोष्टी नुसत्या घडत असतात.

याच कागदावर रहस्य ताणणं पकडता येतं. ‘मला तुला काहीतरी सांगायचंय’ असं नायिका म्हणते, तेवढ्यात फोन वाजतो किंवा सासूबाई येतात, आणि गोष्ट तीन आठवडे पुढे जाते. रहस्य लपवण्यात वावगं काही नाही. पण विचारा, फोन ठेवल्यावर ती का सांगत नाही? तिला भीती असेल, स्वार्थ असेल, कुणाला दिलेला शब्द असेल तर कथा शाबूत आहे. उत्तर ‘नाहीतर मालिका संपेल’ एवढंच उरत असेल तर तिथे भोक आहे. योगायोगालाही असाच नियम लावा: संकट आणणारा योगायोग चालतो, संकटातून सोडवणारा नाही. शनिवारवाड्यासमोर नेमका जुना शत्रू भेटला, ठीक. नेमका पुरावा असलेला मोबाइल सापडला, तर लेखकाने हात टेकले.

त्यापुढे बघायचं ते न बोललेलं. ‘फँड्री’त डुक्कर पकडायला धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी स्तब्ध उभं राहतं. कुणी काही स्पष्टीकरण देत नाही. हाच प्रसंग दुबळ्या लेखकाने लिहिला असता तर कुणीतरी नंतर त्यावर दोन वाक्यं बोललं असतं. बघताना असं ‘समजावणारं’ वाक्य सापडलं की ते मनातल्या मनात खोडा. प्रसंग तरीही कळतो का? कळत असेल तर ते वाक्य जास्तीचं होतं.

रोजच्या मालिकेला सिनेमाची फूटपट्टी लावणं अन्यायाचं आहे. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये साधारण बावीस मिनिटांचा मजकूर, आठवड्याला पाच-सहा भाग, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि कधी कधी प्रसंगाची पानं नटाच्या हातात त्याच दिवशी पडतात. कॅमेऱ्याने एकाच चेहऱ्यावर धाडकन आवाजासह तीनदा जाणं, हा नटाचा दोष नाही. म्हणून मालिकेचा एखादाच भाग किंवा महाएपिसोड बघून मत देऊ नका. सलग आठवडा बघा आणि त्या आठवड्यात पात्राचा स्वभाव टिकतो का एवढंच तपासा. सोमवारी करारी असलेली बाई गुरुवारी ट्रॅकच्या सोयीसाठी भोळी होत असेल, तर ती चूक कागदावरची आहे. अशा वेळी नटाने बोलण्याच्या लयीत, नजरेत काही सांधा ठेवला असेल, तर त्याला जास्तीचे गुण द्या.

वेबसिरीजमध्ये आठ भाग असतील तर चौथा-पाचवा काळजीपूर्वक बघा. पहिला भाग पकडायला लिहिलेला असतो, शेवटचा पुढच्या सीझनसाठी. पाणी घातलेलं असतं ते मधे. खूण सोपी आहे: त्या भागात काय घडलं हे एका वाक्यात सांगताना एखाद्या उपकथेचाच आधार घ्यावा लागतो.

मत लिहा

तारे देऊ नका. पाच वाक्यं लिहा, आणि प्रत्येक वाक्यात प्रसंग, त्याची वेळ आणि कारण आलंच पाहिजे. ‘तिचा अभिनय सहज होता’ हे वाक्य चालणार नाही. ‘बेचाळिसाव्या मिनिटाला भाऊ घर विकायचं म्हणतो तेव्हा ती कपड्यांची घडी मोडून पुन्हा घालते, शॉट न कापलेला आहे, म्हणून हे तिचं काम’ हे चालेल. नावडलेल्या गोष्टीलाही हाच नियम. कारण सापडत नसेल तर ते वाक्य खोडा आणि तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा. दोघांनी मिळून बघितलं असेल तर आधी आपापली वाक्यं लिहा आणि मगच बोला, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं मत दोघांचं होतं.