आईच्या तीन गोळ्या एकाच तारखेला कशा आणल्या

बीपी, शुगर, थायरॉइड. तिन्ही गोळ्या कधीच एकत्र संपायच्या नाहीत. मोबाइलचा गजर, कॅलेंडरवरच्या खुणा, सगळं करून झालं. दर आठवड्याला मेडिकलची फेरी, नुसता वैताग.

शेवटी उरलेल्या गोळ्या मोजल्या: अ‍ॅम्लोडिपिन (बीपीची) 9, मेटफॉर्मिन (शुगरची) 22, थायरॉक्सिन (थायरॉइडची) 41. थायरॉक्सिनची 100 गोळ्यांची बाटली फोडून मिळत नाही, म्हणून तिचीच तारीख धरली. 41 दिवसांना अ‍ॅम्लोडिपिन 32 कमी. मेटफॉर्मिन दिवसाला दोन, म्हणजे 60 कमी. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर हेच आकडे लिहून घेतले. अ‍ॅम्लोडिपिनची पट्टी 15ची, ती कापून घेतली. आता डॉक्टरांच्या संमतीने तिन्ही 100 दिवसांच्या. 10 दिवसांच्या उरल्या की आई स्वतःच फोन करते.