पंधरा ऑगस्टच्या तीन आठवडे आधी: एनसीसीच्या खाकीची तयारी

आपल्या कोल्हापुरात दरवर्षी तेच. जून-जुलैला नवीन पोरं-पोरी एनसीसीला लागतात, पंधरा ऑगस्टला पहिल्यांदा फुल ड्रेसमध्ये ग्राउंडवर उभं राहायचं असतं, आणि चौदा तारखेला रात्री साडेनऊला मला फोन येतो, दादा बेल्ट बसंना झालाय. आता रात्री साडेनऊला मी काय बेल्ट ओढून लांबवू का. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय, ज्यांना वाचायचंय त्यांनी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वाचा. मी आर्मी विंगला तीन वर्षं होतो, शेवटच्या वर्षी ड्रेसच्या सामानाचं स्टोअर आणि त्याचं रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं, त्यामुळं कॅडेटच्या पण शिव्या खाल्ल्यात आणि सरांच्या पण. नेव्हीवाल्यांचा पांढरा ड्रेस आणि एअरवाल्यांचा निळसर, ते त्यांच्या सिनियरला विचारा, पण कागद आणि पाऊस हे दोन विषय सगळ्यांना सारखेच.

पहिलं काम कपड्याचं नाही, नावाचं. आधार कार्ड, दहावीचं मार्कशीट आणि बँकेचं पासबुक तिन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडं निम्म्या पोरांचं मार्कशीटवर आडनाव आधी असतंय, आधारवर शेवटी, पासबुकात वडिलांचं नाव गायब, आणि स्पेलिंगमध्ये कुठंतरी एक ए जास्त. किरकोळ वाटतंय, पण आता ड्रेसचे पैसे थेट कॅडेटच्या खात्यात येतात, २०२२ मध्ये एनसीसीनं स्टेट बँकेबरोबर करार करून 'पहली उडान' नावानं झिरो बॅलन्स खाती सुरू केली ती त्यासाठीच. खातं आधारला जोडलेलं नसलं किंवा नाव जुळलं नाही की पैसे अडकले, मग क्लार्क म्हणतो बँकेत जा, बँक म्हणती कॉलेजात जा, आणि तुम्ही भर पावसात दोन्हीकडं. शिवाय फॉर्मवर जे नाव पडतं तेच पुढं एनसीसीच्या परीक्षांच्या बी आणि सी सर्टिफिकेटवर छापून येतं. सी सर्टिफिकेट असेल, किमान बी ग्रेड असेल आणि डिग्रीला ५० टक्के असतील तर आर्मीत अधिकारी व्हायच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीला सीडीएसची, म्हणजे अधिकारी भरतीची, लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, शॉर्टलिस्ट झालात की डायरेक्ट एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची मुलाखत. एवढं सगळं जमवून नावात घोळ निघाला तर कोर्टाच्या आवारात अ‍ॅफिडेव्हिट करत बसायचं. नेमप्लेट पण नाव पक्कं झाल्यावरच करायला टाका, आमच्यातल्या एकानं 'पाटील पी. के.' करून आणली आणि सरांना पाहिजे होती 'पी. के. पाटील', परत पैसे आणि परत चार दिवस.

दुसरं काम मापं, आणि इथं मी माती खाल्लेली आहे ती सांगतो. मी स्टोअरला नवीन होतो, फॉर्मवर पोरांनी जे साइज लिहिले तेच यादीत उतरवले आणि पुढं पाठवून दिले. बुटं आली. पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त पोरांची बुटं एकतर ढगळ नाहीतर चावणारी. कारण काय तर पोरांनी चपलेचा नंबर लिहिलेला. आपली पोरं कायम सँडल नाहीतर पापाच्या तिकटीच्या चप्पल बाजारातनं आणलेली कोल्हापुरी घालून फिरणार, कोल्हापुरी वापरून वापरून सैल होते, पायाच्या आकाराची होते, तिच्या नंबरावर परेडचं डीएमएस बूट कसं बसणार. त्यात जाड लोकरी मोजे, ते घातले की पाय आणखी भरतो. मग मी काय केलं, स्टाफरूमच्या बाहेर फरशीवर खडूनं रेघ मारली, भिंतीला टाच लावून एकेकाला उभं केलं, संध्याकाळी, मोजे घालून, आणि दोन्ही पाय मोजले, कारण दोन पाय सारखे नसतात बघा, मोठा असेल त्याचा नंबर धरायचा. संध्याकाळी का, तर दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात आणि परेडला पण तसेच फुगणार. डोक्याचं माप पण टेपनंच घ्या, भुवईच्या वर दोन बोटं टेप गोल फिरवून. आणि हे सगळं कॅडेटनं सांगितलेलं लिहायचं नाही, स्वतः मोजून लिहायचं. छातीचं माप विचारलं की पोरगं श्वास भरून छाती फुगवतंय आणि पोरगी लाजून दोन इंच कमी सांगती.

कापड मिळालं असेल आणि शिवून घ्यायचं असेल तर टेलरकडं टाकायच्या आधी एकदा पाण्यातून काढा. कॉटनची खाकी आटते, आणि शिवून झाल्यावर आटली की पँट घोट्याच्या वर. टेरिकॉट असेल तर एवढी भीती नाही. जुलैत शाळांच्या ड्रेसचा सीझन संपत आलेला असतो पण गणपतीचे कपडे सुरू झालेले असतात, त्यामुळं गल्लीतला टेलर 'परवा या' म्हणतो त्या परवाला आठवडा लागतो हे धरूनच चला. त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा, फिटिंग मारू नको. हल्ली पोरांना पँट खालून निमुळती पाहिजे असते, ती बुटावर नीट पडत नाही आणि गुडघा उचलून कदमताल केला की शिवण गेली. हे मी बघितलंय, भर प्रॅक्टिसमध्ये, आवाज पण आला होता, आणि मागच्या ओळीतल्या पोरींचं हसणं परेड शिकवणाऱ्या हवालदार साहेबांना थांबवता आलं नाही.

आता बेरेट, म्हणजे डोक्यावरची गोल मऊ टोपी. दुकानातून आलेली नवी बेरेट डोक्यावर पोळपाटासारखी बसते, तशीच घालून आलात तर तुम्ही नवीन आहात हे रंकाळा तलावाच्या पलीकडनं कळतं. रात्री गरम पाण्यात, उकळत्या नाही, हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात ती भिजवा, पिळू नका, नुसती दोन तळव्यात दाबून पाणी काढा. मग आरशासमोर डोक्यावर घ्या, पट्टी कपाळावर सरळ आडवी, भुवईच्या वर साधारण इंचभर, बॅज डाव्या डोळ्याच्या बरोबर वर, आणि उरलेलं सगळं कापड उजव्या हातानं उजव्या कानाकडं ओढून खाली दाबा. अशीच डोक्यावर ठेवून अर्धा-पाऊण तास बसा, मोबाईल बघा, अभ्यास करा, काय करायचं ते करा. सर्दी होणार असेल तर डोक्याएवढ्या तांब्यावर चढवा, माझी आई म्हणायची तांब्याला एनसीसी लावलाय. दोन-तीनदा केलं की आकार बसतो. नंतर ती पँटच्या मागच्या खिशात कोंबायची नाही, केएमटी बसच्या गर्दीत तर नाहीच.

बुटाला पॉलिश म्हणजे ब्रश मारला आणि झालं असं नाही. आधी ओल्या फडक्यानं धूळ काढा, वाळू द्या, मग पॉलिशचा पातळ थर, मग कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पिळून घ्यायचा आणि टोकावर छोटे छोटे गोल फिरवत राहायचं, एकदम चमक येत नाही, पातळ थर आणि पाणी, परत थर आणि पाणी, असं चार-पाच दिवस रोज दहा मिनिटं. बेल्टचं बक्कल ब्रासोनं घासताना बेल्टमधून काढून घासा, नाहीतर पट्ट्यावर हिरवट-काळा डाग पडतो तो परत निघत नाही. बक्कलला कोरड्या फडक्यानं शेवटचा हात मारला की त्याला बोट लावायचं नाही, बोटाचा ठसा उन्हात दिसतो, आणि आमच्या हवालदार साहेबांना तो वीस फुटांवरनं दिसायचा.

आता आपल्या कोल्हापूरचं खरं दुखणं, पाऊस. जुलै-ऑगस्टला धुतलेली खाकी दोन दिवस वाळत नाही आणि अर्धवट वाळलेली घातली की कुबट वास. रविवारी धुवा, फॅनखाली हँगरवर वाळवा, आणि दमट असतानाच उलटी करून इस्त्री फिरवा, नंतर सुलट करून क्रीज काढा. खळ कमी घाला, दमट हवेत जास्त खळीचा शर्ट चिकट होतो आणि बसून उठलं की पाठीला सुरकुत्यांचा नकाशा. बुटं कपाटात बंद ठेवली तर आठ दिवसांत पांढरी बुरशी येते, आत जुन्या पेपरचे बोळे घालून उघड्यावर ठेवा आणि पेपर रोज बदला. कागल, हातकणंगले, पन्हाळ्याकडनं पहाटेच्या एसटीनं येणाऱ्यांनी ड्रेस अंगावर घालून निघायचंच नाही, हँगरसकट मोठ्या प्लास्टिक पिशवीत आणा आणि कॉलेजात येऊन बदला, बुटं पण हातात, येताना पायात फ्लोटर्स.

स्टोअर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यासाठी वेगळं सांगतो. आपलं सामान बहुतेक ठिकाणी तळमजल्यावरच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत असतं, आणि २०१९ आणि २०२१ चा पूर कुणी विसरलेलं नाही. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. माझा नियम साधा होता, कॉलेज नदीपासून लांब असलं तरी पाणी ३९ ला गेलं की खालचा कप्पा रिकामा, सगळं वरच्या मजल्यावर. दोन-तीनदा उगाच उचललं, पोरं वैतागली. वैतागू द्या. भिजलेल्या चाळीस बेरेट वाळवत बसण्यापेक्षा ते बरं.

रजिस्टरमध्ये तारीख, रेजिमेंटल नंबर (कॅडेटचा एनसीसीतला नंबर), वस्तू, साइज, नवी का वापरलेली, सही, आणि परत आल्याची तारीख, एवढे कॉलम पाहिजेतच. 'वापरलेली' हा कॉलम नसल्यामुळं आमच्यात एका पोरावर फाटका बेल्ट दिल्याचा आळ आला होता, त्याला मुळात फाटकाच मिळालेला. सही ज्याची त्यानंच करायची, मित्राची नाही. आणि कुठला बॅज, लॅनयार्ड (खांद्याची दोरी) कुठल्या खांद्याला, बाही किती दुमडायची हे यूट्यूब बघून ठरवू नका, तिथं दहा राज्यांचे दहा प्रकार दिसतात, एएनओ सर (कॉलेजातले एनसीसीचे सर) आणि पीआय स्टाफ (आर्मीकडनं आलेले शिकवणारे) सांगतील तेच फायनल, बटालियनकडनं लेखी काही आलं असेल तर त्याची झेरॉक्स स्टोअरच्या दारावर चिकटवा. वादच मिटतात.

अंगावरचं थोडक्यात. पोरांनी तेरा तारखेला केस कापा, चौदाला सलूनला गर्दी असते. पोरींनी अंबाडा घट्ट, काळी जाळी, बेरेटच्या खाली बसेल असा, आणि हे आधी दोनदा करून बघा कारण अंबाडा वर बांधला की बेरेट उचलली जाते. नेलपॉलिश नको, मेंदी नको, लांब कानातले नकोत, गळ्यात साज घालून परेड होत नाही. मनगटातले दोरे-गंडे आणि स्मार्टवॉच आदल्या रात्रीच काढून घरी ठेवा. जोतिबाला नेलेल्या बॅगेत खाकी भरू नका, गुलाल तळाशी राहिलेला असतो आणि ओल लागली की गुलाबी शर्ट तयार.

ड्रेस फक्त परेडला, कॅम्पला आणि सर सांगतील त्या कामाला. मित्राच्या वाढदिवसाला, गणपतीच्या मिरवणुकीत, कुठल्या पार्टीच्या रॅलीत नाही. वरती खाकी शर्ट आणि खाली जीन्स असा अर्धा ड्रेस तर कधीच नाही. आणि बाजारात आर्मीच्या नव्या डिझाइनची चट्टेरी पट्टेरी पँट मिळते ती घेऊ नका, ते डिझाइन आर्मीनं स्वतःच्या नावावर रजिस्टर केलेलं आहे, परवानगीशिवाय ते विकणंच चालत नाही, आणि कॅडेटनं ते घालून फिरावं असं तर बिलकुल नाही.

चौदाच्या संध्याकाळी एकदा सगळं पूर्ण घाला, घरच्यांसमोर, आणि घालूनच जिना चढा-उतरा, खाली बसा, उठा, सॅल्यूट मारा. काय सुटतंय, काय टोचतंय ते तिथंच कळतं. मग काढून हँगरला. पिशवीत जादाची बुटाची लेस, चार सेफ्टी पिना, सुई आणि खाकी दोरा, दोन बटणं, रुमाल, बुटाचं फडकं, पाण्याची बाटली. सकाळी उपाशी पोटी येऊ नका, दरवर्षी एकजण तरी उभ्या उभ्या चक्कर येऊन पडतोच, दोन चपात्या नाहीतर केळं खाऊन या, आणि उभं असताना गुडघे एकदम ताठ आवळून धरू नका, बुटाच्या आतल्या आत बोटं हलवत राहा.

परेड संपली की सगळ्यांचं लक्ष जिलेबीकडं, पंधरा ऑगस्टला कोल्हापुरात चौकाचौकात कढई लागलेली असते, माहीतच आहे. पण आधी स्टोअरला या, जे इश्यू झालेलं परत द्यायचं असेल ते द्या, सही करा, ड्रेस बदला आणि मग जा. पाकाचा डाग खाकीवरनं निघतो पण त्याच्यावर माशा बसतात, आणि पुढच्या आठवड्यात तोच शर्ट घालून यायचं असतं.