पोडावर बचत गट काढायचा तर पहिलं कर्ज लवकर वाटा

गावातला गट चालतो म्हणून त्यातच कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वेगळ्या वस्तीवरच्या, दोन-चार बाया घालू नका. मेट, म्हणजे गटाची बैठक, गावात भरते, त्यांना निरोप पोचत नाही, नावं कटतात. पोडाचा गट पोडावरच बसवा. आधी नाईक-महाजनांच्या, म्हणजे पोडाच्या परंपरागत पुढाऱ्यांच्या, कानावर घाला. एका घरातली एकच बाई, एकूण १० ते २० जणी. अशा वस्त्यांत 'उमेद'ला, म्हणजे बचत गट उभे करणाऱ्या सरकारी अभियानाला, ५ जणीही चालतात.

ज्या संध्याकाळी मजुरीचा चुकारा होतो, त्याच रात्री बसा. बाजार करून आल्यावर पदरी काही उरत नाही.

बचतीचा आकडा कापूस वेचणीच्या दिवसांत ठरवू नका. तेव्हा बाया आठवड्याला ५० रुपयांनाही हो म्हणतात आणि मे महिन्यात गट मोडतो. भर उन्हाळ्यात जे निघेल, तेच बारा महिने. २० रुपये पुष्कळ झाले.

खरी अडचण अंतर्गत कर्जाची, म्हणजे गटाच्याच बचतीतून बायांना द्यायच्या कर्जाची. 'आधी पैसा जमू द्या, मग वाटू' हा सल्ला देणाऱ्याला पोडावर एक उन्हाळा काढायला लावा. पैसा पेटीत पडून राहिला की पेटी जिच्या घरी, तिच्यावर संशय येतो. आणि पोर तापानं फणफणलं की बाई सावकाराकडेच जाते. मग गट कशाला?

१२ जणींचे २० रुपये म्हणजे आठवड्याचे २४०, चार आठवड्यांत ९६०. पाचव्या मेटीला १,२०० होतात. त्याच रात्री त्यातले १,००० द्या. एकीलाच किंवा दोघींना पाचशे-पाचशे, पण अध्यक्षबाईला नाही. पहिलं कर्ज पदाधिकाऱ्याच्या घरात गेलं की दुसरं कुणी मागत नाही. नोटा सगळ्यांदेखत मोजा.

महिना शेकडा २ नं १,००० घेतले, दर महिन्याला १०० मुद्दल फेडलं, तर पहिला हप्ता १२०, दुसरा ११८. दहा महिन्यांत व्याज ११० रुपये. व्याज उरलेल्या मुद्दलावरच लावा. पूर्ण हजारावर दर महिन्याला २० लावले तर २०० होतात, आणि भांडण इथूनच सुरू होतं. ज्या महिन्यात काम नाही, त्या महिन्यात नुसतं व्याज घ्या, मुद्दल वेचणीवर ढकला. पण तसा ठराव कर्ज देतानाच लिहा, थकल्यावर नाही.

बँकेत खातं काढायला ठराव, फोटो, आधार. तीन महिने पंचसूत्री (नियमित मेट, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेबाची वही) पाळली की फिरत्या निधीसाठी, म्हणजे गटाला 'उमेद'कडून मिळणाऱ्या रकमेसाठी, प्रस्ताव टाका.

लिहिणारी बाई नसेल तर पोडावरची नववी-दहावीतली पोरगी वही लिहील. मेट उठण्याआधी तिनं जमा, वाटप, शिल्लक कोलामीत मोठ्यानं वाचायची, आणि शिल्लक पेटीतल्या पैशांशी तिथंच ताडायची.